खंडेनवमीला धुतलेले इंजिन

मी, दौलतराव किसनराव ढोबळे, मूळचा औशाचा, हल्ली राहणार काळेवाडी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. अक्षर वाकडे आहे. डोके ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी धमकावलेले नाही की फूस लावलेली नाही. घाई आहे, ती माझ्या फुप्फुसांना आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही आणि यानंतर करायला उरेन असे वाटत नाही.

१. राहते घर, म्हणजे दोन खोल्या आणि वरची गच्ची, माझी पत्नी सुभद्रा हिचे. ती हयात असेपर्यंत कोणीही तिला "आई, इथे सही कर" म्हणायचे नाही. तिच्या पश्चात मुलगा समाधान आणि मुलगी दीपमाला यांना निम्मे निम्मे.

२. बँकेत जे आहे तेही सुभद्रेचे. माझ्या तेराव्याला मंडप नको. घालायचाच झाला तर आपल्या गल्लीतल्या मंडपवाल्याचा नको. दीपमालाच्या लग्नात त्याने गळका मंडप दिला होता, ते मी विसरलेलो नाही.

३. हत्यारे सगळी दीपमालाला. समाधानने वाईट वाटून घेऊ नये. त्याला चाकणच्या कंपनीत नवी हत्यारे मिळतात, आणि वापरलेला पाना जागेवर ठेवायची सवय घरात फक्त तिला आहे.

४. आता इंजिन. खरे म्हणजे हा कागद त्याच्यासाठीच आहे.

शेडमध्ये विटांवर उभी आहे ती जुनी डुक्कर फियाट गाडी माझी. कंपनीत जन्मभर मी इंजिने जुळवली. लाइनवरून पुढे गेलेले इंजिन कोणाच्या दारात गेले, कधी कळले नाही. एक इंजिन माझे म्हणून जुळवायचे होते, तेही कारखान्यातून निघाले तेव्हा होते तसे. त्यासाठी वर्षानुवर्षे भंगार उपसले. पिस्टनला फिरत्या क्रँकशी जोडणारे कनेक्टिंग रॉड, व्हॉल्व्ह, जे लागेल ते ओरिजनल मिळेपर्यंत थांबलो; क्रँकवरच्या बेअरिंगच्या कॅप मात्र इंजिनाच्या सांगाड्याच्या, म्हणजे ब्लॉकच्या, स्वतःच्याच होत्या. मधल्या काळात नमुन्याला म्हणून नकलीही आणले, शिवाय दुसरे एक मेलेले इंजिन सुटे केले. खऱ्या पार्टला लाल सुतळी बांधायची, बाकीच्यांना काही नाही, एवढीच माझी व्यवस्था होती.

मी दवाखान्यात असताना खंडेनवमी आली. हत्यारांची पूजा दरवर्षी मी करतो. यंदा मुलांनी केली. बाबांना बरे वाटेल म्हणून सुतळ्या सोडल्या, सगळे पार्ट डिझेलने धुतले, समाधानने ओळखीच्या दुकानातून मशीनवर घासून बफिंग करून आणले आणि वर चंदेरी रंग मारला. सुभद्रेने हळदकुंकू वाहिले, झेंडू घातला. मी घरी आलो तसे समाधानने मला धरून शेडमध्ये नेले. म्हणाला, "बाबा, बघा, सगळं कसं चकाचक केलंय."

मी एक रॉड उचलून उलटा करून पाहिला. पार्टवर कोरलेले कारखान्याचे नंबर बफिंगमध्ये गेले होते. खरे, नकली, मेलेल्या इंजिनाचे, सगळे एका ढिगात चमकत होते. सुभद्रा विचारत होती, "काय झालं ओ? आवडलं नाही का?" मी म्हणालो, "छान झालंय." दुसरे काय म्हणणार? पोरांनी मायेने केले होते. मरणाची भीती वाटते, नाही असे नाही, पण त्या ढिगाची जास्त वाटते.

५. ओळखण्याची रीत अशी. रॉड दोरीला टांगून हलके ठोकावा. घडाईचा खरा रॉड वाजतो; नकली ओतीव असतो, तो मुका राहतो. कॅप ब्लॉकवर बसवून सांध्यावरून नख फिरवावे. नख अडकले तर ती कॅप या ब्लॉकची नव्हे. कारखान्यात कॅप ब्लॉकवर आवळूनच दोन्हींतून एकत्र भोक कोरतात, म्हणून दुसऱ्या इंजिनाची कॅप दिसायला जुळी असली तरी क्रँकला आवळते. तशीच लावून इंजिन चालू केले तर क्रँक जाम होईल आणि मग ब्लॉकसुद्धा हातचा जाईल.

हे सगळे मी करून पाहिले. औषधांनी बोटे बधिर झाली आहेत, नखाला काही लागत नाही. रॉड वाजतो की माझे कान वाजतात, तेही कळत नाही. दीपमालाला शिकवायला बसलो. तिने पुन्हा पुन्हा ठोकून ऐकले आणि म्हणाली, "बाबा, मला दोन्ही सारखेच वाटतात." ती खोटे बोलली नाही याचे बरे वाटले. मी रॉड परत ढिगात ठेवला. समाधान म्हणतो, "कोणालाच कळत नसेल तर भंगारवाल्याला देऊन टाकू, शेड तरी मोकळी होईल." त्याचेही काय चुकले?

६. ज्याला कळेल असा एकच माणूस मला ठाऊक आहे. नवाब दादामियाँ मुलाणी, राहणार काळेवाडी. कंपनी सोडल्यावर आम्ही दोघांनी मिळून गॅरेज काढले होते. त्याने एका गिऱ्हाइकाच्या गाडीत नकली पिस्टन बसवले. त्याचे म्हणणे, गिऱ्हाइकाला सांगितले होते. असेल. मला सांगितले नव्हते. मी पाटी उतरवली, तेव्हापासून आमचे बोलणे नाही. हा राग मी कोणाच्या नावे करत नाही, सोबत नेतो.

परंतु नकली माल त्याच्याइतका कोणाच्या हाताखालून गेलेला नाही, तेव्हा तो ओळखणारही त्याच्याइतका कोणी नाही. सबब गाडी, ब्लॉक आणि तो सगळा ढीग मी नवाबला देतो. खरे पार्ट निवडून त्याने इंजिन जुळवावे आणि एकदा चालू करावे. मग विकले तरी माझी हरकत नाही. नवाब, हात जोडतो रे. आमच्या वकील विजयश्रीताई म्हणतात, असे मृत्युपत्रात लिहीत नाहीत, खोडा. मी खोडणार नाही.

७. या सगळ्याची अंमलबजावणी दीपमालाने करावी.

पुढचे आज, सर्वांच्या समोर लिहीत आहे. नवाबला बोलवायला निमित्त सुचेना म्हणून मी त्याचे नाव तिसरा साक्षीदार म्हणून घातले होते. तो आला. सुभद्रेने दिलेले पाणी प्यायला आणि कागद वाचत बसला. कलम सहा त्याने बोट ठेवून पुन्हा वाचले. विजयश्रीताईंनी त्याला समजावले, "मृत्युपत्रात ज्याला काही मिळतं त्याला साक्षीदार करत नाहीत, पुढे वाद होतो. तुम्ही सही केलीत, तर इंजिनाचं कलम काढावं लागेल."

म्हणजे नको असेल तर नुसती सही करून तो सुटू शकत होता, कोणी नावे ठेवली नसती. त्याने माझ्याकडे पाहिले नाही. "पेन दे," म्हणाला. पेन द्यायला मला फार वेळ लागला.

ठिकाण : काळेवाडी, पिंपरी-चिंचवड
दिनांक : १६ नोव्हेंबर २०२५
मृत्युपत्र करणार : (सही) दौलतराव किसनराव ढोबळे

साक्षीदार, ज्यांनी माझ्यासमोर सह्या केल्या :
१. (सही) प्रीतम अंकुश लांडे, शेजारी
२. (सही) मिनल प्रीतम लांडे, शेजारी
३. नवाब दादामियाँ मुलाणी. हे नाव नवाबने स्वतःच्या हाताने खोडले आहे. खाडाखोड मला मान्य आहे. (सही) दौ. कि. ढोबळे