पांढऱ्या खुंट्या

६ जाने. १९८६, सोम.
गोल्फ क्लब सोमवारचा बंद. चेअरमनसाहेबांनी तरी बोलावलं. नावामागचं 'हंगामी' एप्रिलपासून जाणार, पक्का सेक्रेटरी. सात वर्षं बॅगा वाहणारा कॅडी, मग वीस वर्षं पगारी शिकवणारा प्रो. अर्धी मुंबई माझ्याकडून स्विंग शिकली, पण मेंबरांच्या हॉलमध्ये प्रोनं बसायचं नाही असा सगळीकडे नियम. आता त्या हॉलच्या चाव्या माझ्याकडे. मुंबईतल्या प्रो मंडळींचं पत्रही आलंय. 'आपल्यातला पहिला. संघटनेचा अध्यक्ष तूच हो.' ड्रॉवरमध्ये टाकलं. आनंद व्हायला हवा होता. होईल.

८ जाने.
सातव्या होलची हद्द आखली, गावाच्या अंगाला. बॉल हद्दीबाहेर गेला की बाद, एवढंच. बावीस खुंट्या, पांढरा रंग. माळी म्हणाला, "सायेब, गावात सांगू का?" म्हटलं, कशाला? खेळाची खूण आहे.

९ जाने.
एकही खुंटी जागेवर नाही. नुसती भोकं.
दुपारी जेवताना डोक्यात प्रकाश पडला. गावात, सारसोळ्यात, पांढरी खुंटी म्हणजे सरकारी मोजणी. आधी खुंटी, मग नोटीस, मग जमीन गेली. आमचं भाताचं शेत असंच गेलं. मी त्याच गावचा, आणि स्वतः उभं राहून बावीस ठोकून घेतल्या. शहाणाच मी.

१० जाने.
गावात दादाकडे गेलो. मी वाशीला फ्लॅटमध्ये आलो, मोठा भाऊ अजून जुन्या घरात.
म्हटलं, "दादा, ती खेलाची हद्द हाय. जमीन नाय घेत कोन."
"आपले शेतान पन पयली खुंटीच आलती. तवाचा सायेब पन ह्येच बोलला."
"खुंट्या कुठं हायत?"
"चुलीन गेल्या. वयनीला इचार."
वहिनी हसली नाही. चहा दिला. पिऊन आलो.

१३ जाने., सोम.
कमिटी. खुंट्यांचं सगळं समजावून सांगितलं. एक मेंबर हसला.
चे. साहेब: "इंटरेस्टिंग. पण पोलीस कंप्लेंट द्या. नावांसकट. तुमचंच गाव ना?"
म्हटलं, गैरसमज आहे, मी बोलतो गावाशी.
"बोला की. कंप्लेंट पण द्या. सेक्रेटरीला हे करावंच लागतं. नसेल जमत तर एप्रिलचं राहू दे."
मान हलवली. कशाला हलवली ते मलाच माहीत नाही.

१४ जाने., संक्रांत.
सुमन गावात हळदीकुंकवाला गेली ती तासाभरात परत. "कुंकू लावलं, तिळगूळ दिला. बस म्हणून कोनी बोललं नाय." पदर न सोडता तशीच खुर्चीत बसली. मी पेपर वाचत होतो.
"तुमाला काय वाटतं का नाय हो?"
खरं सांगायचं तर नाही. दात काढायच्या आधी इंजेक्शन देतात ना, तसं झालंय. आपलाच ओठ चावला तरी कळू नये.

१५ जाने.
कंप्लेंट टाइप केली. 'अज्ञात इसमांनी खुंट्या उपटून नेल्या.' चे. साहेबांनी अज्ञातवर काट मारली. "उद्या नाव टाकून आणा."
दादाचंच टाकावं लागणार. चुलीत गेल्या हे तर तोच बोलला. टाइपरायटरवर कागद चढवला आणि बसलो. नंतर टाइपरायटरवर कव्हर घालून घरी आलो.

१६ जाने., दु. साडेतीन
हवालदार ऑफिसात आला होता. कंप्लेंटचं गावात माळ्याकडून कळलं असणार, दादा सकाळीच चौकीवर गेला. आपणहून. 'मीच उपटल्या, एकट्यानं.' दोन दोन फूट गाडलेल्या बावीस खुंट्या, आणि दादाला धड उकिडवं बसता येत नाही. सगळा गाव होता, हे आंधळ्यालाही कळेल.
हवालदार म्हणाला, "तुमच्याबद्दल बोलले. 'भावाला माझं नाव लिवाया लावू नका, त्याची नोकरी हाय.'"
ऐकलं आणि नकळत ओठ चावला. दुखला. किती दिवसांनी काहीतरी.
"नाव त्यांनी दिलंय साहेब. पण फिर्याद क्लबची लागते. इथं सही करा. नसेल करायची तर पाचला घरी सोडतो त्यांना."
चे. साहेबांचा फोन येऊन गेला. "सुटलात की मग. करून टाका."
खरंच सुटलोय. दादानं सगळं उरकून ठेवलंय, मी फक्त सही करायची. मला करता यावी म्हणूनच गेला तो. केली नाही तर त्याचं जाणं फुकट, आणि केली तर
हवालदार बाहेर व्हरांड्यात थांबलाय. दादानं सकाळपासून काही खाल्लेलं नाही म्हणे. सहीसाठी पेन उघडलं होतं, आणि हेच लिहीत बसलोय.