पात तुझी, बुंधा तिचा

आई, म्हातारपणी मुलांच्या मागून इथे अमेरिकेत आलेल्या तुम्हा सगळ्या बायकांची एक तक्रार आहे आणि ती तुमच्यापैकी कुणी कधी मोठ्याने केली नाही. म्हणून मी करतो. इथे म्हातारं माणूस खाटेला लागलं की आधी त्याच्या जेवणातला वास जातो. मीठ कमी होतं ते डॉक्टरच्या सांगण्यावरून, तिखट कमी होतं ते पोटाच्या काळजीने. वास मात्र कुणीही न सांगता, नुसता सोयीपायी जातो. तुझ्या शेवटच्या आजारात हॉस्पिटलच्या ट्रेमधल्या पांढऱ्या लगद्याकडे बघून तू मला विचारलं होतंस, "हे कुणी चावून ठेवलंय?" तेव्हा मी हसलो होतो. या हिवाळ्यात आपल्या शेजारच्या कंबोडियन मावशींच्या पुढ्यात तसाच ट्रे पाहिला आणि हसू आलं नाही.

तुमची ओळख झाली ती त्या कुंडीवरून. इंडियन दुकानातून आणलेली गवती चहाची काडी तू पेल्यात ठेवून रुजवलीस आणि मग डेकवरच्या मोठ्या कुंडीत लावलीस. उन्हाळ्यात ती अशी माजली की शेजारच्या लॉनवरून दिसायला लागली. एक दिवस मावशी कुंडीकडे बोट दाखवत थेट डेकवर चढून आल्या. तुला इंग्रजी येत नव्हतं, त्यांना जेमतेम चार शब्द येत होते. तू कात्रीने पात कापून जुडी त्यांच्या हातात दिलीस. त्यांनी ती बाजूला ठेवली, कुंडीत हात घालून एक काडी बुडापासून उपटली, वरची सालं सोलली आणि आतला पांढरा बुंधा तुझ्या नाकाशी धरला. तू घरात येऊन मला म्हणालीस, "अरे, ही बाई मुळासकट खाते." पुढे त्यांच्या मुलीने सांगितलं की त्याच संध्याकाळी मावशींनीही घरी जाऊन सांगितलं होतं, शेजारची म्हातारी खायचं ते टाकून देते आणि कचऱ्याचा चहा करून पिते. तेव्हापासून वाटणी ठरली. पात तुझी, बुंधा तिचा. एका कुंडीवर दोन घरं चालली आणि कुणाचंच काही वाया गेलं नाही.

अजून डोळ्यांपुढे येतं ते शनिवारचं स्वयंपाकघर. ओट्याशेजारी जमिनीवर वर्तमानपत्र पसरलंय, त्यावर तू रत्नागिरीहून मांडीवर धरून आणलेला खलबत्ता आहे. तुझे गुडघे वाकत नाहीत म्हणून तू खुर्चीत, आणि मावशी खाली बसून कुटताहेत. गवती चहाच्या बुंध्याच्या चकत्या, ओली हळद, लसूण, शिरा काढलेली लिंबाची पानं, आणि आल्यासारखं दिसणारं एक फिकट मूळ. ते तू उचलतेस, वास घेतेस आणि आनंदाने ओरडतेस, "अरे, हे तर कोळिंजन! कीर्तनकार आवाजासाठी गालात धरतात ते." तेव्हापासून माझं कुठेही भाषण असलं की तू त्याचा तुकडा माझ्या खिशात टाकायचीस. वाटण तेलात परतलंच पाहिजे यावर तू ठाम होतीस. मावशी ते तसंच उकळत्या पाण्यात सोडायच्या, आणि तू तोंड फिरवायचीस, जणू समोर कुणी कच्चं पीठ खातंय. मग त्या आंबवलेल्या मासळीची बरणी उघडायच्या. तुझी सून बाहेर बर्फ असताना खिडक्या उघडायची. तू मात्र नाक पुढे करून म्हणायचीस, "आपल्या सुकटीच्या नात्यातलं आहे ग हे. घाल, घाल."

मी त्यांच्या देशातल्या कत्तलीच्या वर्षांबद्दल खूप वाचलं होतं. वाचलेलं माझ्या पोटात राहत नाही, हे तुला माहीत आहे. एकदा टेबलाशी बसून मी त्यांच्या मुलीला इंग्रजीत विचारत सुटलो, कुठल्या छावणीत होतात, घरातलं कोण कोण गेलं, उपासमार किती दिवस होती. मुलगी आईला एकेक विचारत होती. तुला त्यातला एक शब्द कळत नव्हता. पण खलातला हात थांबलेला तुला दिसला. "तुझी सभा बाहेर घे," तू मला म्हणालीस. "इथे बसायचं तर पानं खुड." मी पानं खुडायला बसलो. थोड्या वेळाने कुटण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला.

तू गेलीस आणि मावशी स्वतः येऊन ती कुंडी घेऊन गेल्या. दर थंडीत त्या ती घरात घ्यायच्या, उन्हाळ्यात पातीची जुडी आमच्या दाराशी ठेवायच्या. मागच्या ऑक्टोबरात त्यांना अर्धांगाचा झटका आला. घरातली सगळी हॉस्पिटलात, कुंडी बाहेरच राहिली आणि पहिल्या कडाक्यात बुडापासून काळी पडली. मावशींना नर्सिंग होममध्ये ठेवलं. घास नीट गिळता येत नाही म्हणून सगळं गुळगुळीत करून द्यायचे. त्या तोंड मिटून घ्यायच्या. मुलगी म्हणाली, आई कशालाच नाही म्हणत नाही, फक्त ओठ उघडत नाही. ज्या बाईने उपासमारीनंतर जन्मभर ताटात शीत ठेवलं नाही, तिने तोंड मिटावं! बाहेरचं जेवण चालणार नाही, असा तिथला नियम. मी म्हटलं, मीटिंग घ्या.

मीटिंग घेतली. गालात कोळिंजन धरून मी बोललो. माणूस फक्त नळीने आणि कॅलरीने जगत नाही, ज्या वासाने तो लहानपणी जेवायला धावला तो वास त्याच्यापासून तोडणारे तुम्ही कोण, असं पुष्कळ बोललो. तिथल्या मॅनेजर बाई तरुण होत्या, खूप थकलेल्या होत्या. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ठीक आहे, पण गाळून आणा, एकही धागा नको, आणि आधी नर्सला दाखवा. मी जिंकलो. घरी येताना गाडीत मी खूष होतो.

मग बर्फ सुरू झालं. रस्ते बंद, ट्रक अडकलेले. मावशी सामान आणायच्या त्या कोलंबसच्या दुकानात ताजं काही नव्हतं. वाळवलेल्या गवती चहाचं पाकीट मिळालं, कोळिंजनाच्या लाकडासारख्या चकत्या मिळाल्या, आणि लिंबाची पानं, चुरगळली तरी फक्त चहाच्या जुन्या डब्यासारखी वास येणारी. थांबायला वेळ नव्हता. गरम पाण्यात भिजवलं, खलात घातलं तर बत्ता उडायला लागला, शेवटी मिक्सर लावला. उकळलं, गाळलं, फडक्यातून पुन्हा गाळलं. जो काही वास होता तो चोथ्याबरोबर सिंकमध्ये गेला. डब्यात उरलं ते पिवळं पाणी.

मुलीने चमचा ओठांशी नेला. मावशींनी तोंड उघडलं. घोट बराच वेळ जिभेवर धरला, गिळला. मग पांघरुणावरचा उजवा हात मुठीसारखा झाला आणि सावकाश वर खाली, वर खाली होऊ लागला. कुटलं नाहीस, असं त्या सांगत होत्या. मुलगी रडायला लागली. मावशींची नजर माझ्या खांद्यावरून दाराकडे गेली, आणि त्या स्पष्ट म्हणाल्या, "आई?"

मी तुला हाक मारायचो ते ऐकून त्यांनी तेच तुझं नाव धरलं होतं. इतकी वर्षं त्या तुला आईच म्हणत आल्या. मुलगी हळूच म्हणाली, "शी इज आस्किंग इफ युवर मॉम इज कमिंग."

आई, मी जन्मभर व्यासपीठावरून सांगितलं की मेलेलं माणूस कुठेही जात नाही आणि कुठूनही येत नाही. तुझे दिवससुद्धा मी घातले नाहीत, आणि त्यावरून आपली अर्धी भावकी माझ्याशी बोलत नाही. त्याचा मला पश्चात्ताप नाही. पण त्या खोलीत मी मावशींच्या डोळ्यांत बघून म्हणालो, "येतेय." मराठीतच म्हणालो. त्यांना कळलं. त्यांनी पुन्हा तोंड उघडलं आणि त्या बेचव पाण्याची वाटी चमच्या-चमच्याने संपवली.

रस्ते मोकळे झाल्यावर दुकानात ताज्या काड्या आल्या. मी जमिनीवर बसून सगळं कुटलं. घरभर वास सुटला तेव्हा फोन आला. मावशी पहाटे गेल्या होत्या.

हे पत्र मी कुणाला वाचून दाखवणार नाही. सभेत तर नाहीच, घरातही नाही. उद्या कुणी मला विचारलं तर पूर्वीसारखंच ठासून सांगेन की पलीकडे काही नाही. फक्त तुझ्यापाशी कबूल करतो, मी तुझ्या वतीने शब्द देऊन बसलोय आणि तो खोटा पडावा असं मला वाटत नाही. तेव्हा माझं म्हणणं बाजूला ठेव आणि एवढं एक कर. तिला घ्यायला पुढे जा.