दोनदा कापलेलं कवळ्यांचं बिल

चि. भाऊजींस आशीर्वाद.

लॅबमधून दादांच्या पेशंटांच्या शेवटच्या दोन कवळ्या आल्या, तीन हजार दिले. ते गेल्यापासून दातांचा दवाखाना बंदच आहे.

"शंभरातले सत्तर दादाला, तीस मला, वर त्यातही कात्री!" म्हणून तुम्ही दवाखाना सोडलात. दादा देवाशपथ म्हणाले, "हिच्या वहीत चूक नसते." भाडं, हप्ते भरून त्यांच्या हाती तुमच्याहून कमीच उरायचं, म्हणून मलाही तुमचा राग आला.

गेल्या आठवड्यात जुन्या वह्या काढल्या. कवळ्यांचं बिल मी आधी एकूण कमाईतून कापलं होतं, पुन्हा तुमच्या तिसांतून. चार वर्षं! माझ्या भरवशावर ते खोटी शपथ घेऊन गेले आणि तुम्ही खांदा द्यायला आला नाहीत.

आधीची तीन पत्रं न टाकता देव्हाऱ्याखालीच आहेत. हे टाकण्याचा धीर झाला, तर उलट टपाली कळवा, दवाखान्यातली दादांची खुर्ची तुमच्यासाठी ठेवू ना?

तुमची वहिनी