विम्याच्या कुड्या

१२ जून २००७, देवबाग

होडी आज वर काढली. आता नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्र बंद — घरात हे आणि माझं डोकं!

दुपारी मालवणला गेलो. मी, हे, शेजारची तुळसा, तिचा नवरा गंगाराम. होडी दोघांच्या भागीची, इंजिनासाठी दोघांनी एकाच फायनान्सवाल्याकडून कर्ज घेतलेलं. तेव्हा तिथला साहेब म्हणाला होता, "विमा घ्यावाच लागतो. काम बंद पडलं की हप्ते विमा भरणार." आम्ही खूश! पावसाळ्यात आमचं काम बंदच असतं की.

आज म्हणतो, "नोकरी गेल्याचं मालकाचं पत्र आणा."

मी म्हटलं, "समुद्राकडून आणू पत्र?" सगळे हसले. साहेब सोडून.

१५ जून

तुळसाने तक्रार घातली. ज्यांना नोकरीच नाही त्यांना नोकरीचा विमा विकलात कसा, पैसे परत द्या. मला म्हणाली, "सुगंधा, तुमचो पण अर्ज करूया गो." मी नको म्हटलं. सातवी नापास बाई मला अर्ज शिकवणार! मी दहावी पास.

२० जुलै

तिला पैसे मिळाले. शिरा पडो तिच्या तोंडार!

२५ जुलै

तुळसाच्या कानात नव्या कुड्या. सोन्याच्या! बाजारात सुकी मासळी घेऊन माझ्याच बाजूला बसते आणि मुद्दाम मान हलवते. गिऱ्हाईकही मेलं तिच्याकडेच वळतं.

आणि वाडीभर काय चाललंय — "तुळसान सायबाक गप केल्यान! समुद्राकडसून पत्र आणू काय, इचारल्यान!" अगो, ते मी विचारलं होतं! मी! हेसुद्धा जेवताना म्हणाले, "तुळसा भारी हुशार हां." मग जा तिच्याकडेच जेवायला!

जळते मी. हो, जळते. इथे लिहायला कोणाची भीती?

३० जुलै

यांना ओढत मालवणला नेलं. तुळसाला पत्ता लागू दिला नाही. साहेब आता गोड बोलतो. "पैसे परत घेतलेत की विमा संपला. माणूस गेला तर कर्ज माफ होतं, तेही राहणार नाही. विचार करा."

"माणूस समोर धडधाकट उभा आहे, मरणाची भाषा कसली करता? तुळसाला दिलेत तसे मला द्या!"

यांनी माझ्याकडे बघितलं आणि सही केली.

२८ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

समुद्राला नारळ दिला. होडी पाण्यात. आणि चेक आला — तिच्याइतकाच! सोनाराला सांगून आले, तुळसाच्या आहेत त्याहून मोठ्या कर. हे म्हणाले, "आधी हप्ते भरूया गो." भरू की! हप्ते कुठे पळून जातात?

११ सप्टेंबर

कुड्या घालून बाजारात गेले. तुळसा म्हणाली, "झ्याक दिसतत गो." एवढंच! आतून जळली असणार. जळू दे.

१९ ऑक्टोबर

आज वही उघडली. होडी खाडी-समुद्राच्या संगमावर उलटली तेव्हापासून उघडली नव्हती. हे दुसऱ्या दिवशी सापडले, तारकर्लीच्या बाजूला.

सकाळी फायनान्सचा माणूस हप्ता मागायला दारात आला. तो गेल्यावर तुळसा आली. कानातल्या कुड्या काढून माझ्या हातात ठेवल्या. "हप्त्याक होतीत गो."

मला तिच्या कुड्या नकोत. तिचा गंगाराम पोहत परत आला.