आईनं काढायला सांगितलेलं वाक्य

आबा, तुम्हाला जाऊन पुष्कळ वर्षं झाली, तरी आज दुपारी वडगाव रासाईच्या आपल्या घराच्या पायरीवर मी जीव मुठीत धरून बसलो होतो. आत माझी लेक आईला माझं आत्मचरित्र वाचून दाखवत होती. आईला अक्षरओळख नाही, म्हणून लिहिताना मी तिच्या बाजूनं निर्धास्त होतो. माझ्या कादंबऱ्यांची तिनं कधी चौकशी केली नाही. पण या पुस्तकावर तुमचा फोटो आहे. तो दिसला आणि तिनं नातीला समोर बसवून घेतलं. रोज एक प्रकरण. आज तुमचं होतं. ते ऐकून ती मला उंबऱ्याबाहेर काढील, ही धास्ती होती.

तुम्ही गुऱ्हाळावरचे गुळवे. पाक तयार झालाय का, हे तुम्ही काहिलीतल्या उकळीच्या आवाजावरून सांगायचात. तुमची सायकल स्टँडवर कशी आदळते यावरून आज आईवर हात उठणार का, हे मी ओळखायचो. कान तुमचेच घेतलेत मी. त्यांच्यावरच पोट भरलं. आधी यवतच्या ढाब्यावर ऑर्डरी घेत, मग लोकांचं बोलणं कादंबऱ्यांत उतरवत. हा माणूस काही लपवत नाही, असं म्हणतात माझ्याबद्दल. ऐकायला बरं वाटतं. पण तुम्ही आईचं मनगट मोडलंत तिथवर लेक आली आणि मी पायांत चपला सरकवल्या. गावाला आई आजही पाय घसरल्याचंच सांगते.

लेक अडखळली. आई म्हणाली, "वाच की. मनगट माझं मोडलं, तुझी जीभ का अडकती?"

प्रकरणाच्या शेवटी तुमचा दहावा आहे. आपल्याकडे असतात तशी घाटावर पुढाऱ्यांची भाषणं. तुम्ही मनमिळाऊ, तुम्ही कुटुंबवत्सल. ती ऐकून आई तोंडाला पदर लावून रडली, असं मी लिहिलंय. तिथं तिनं वाचन थांबवलं आणि मला हाक मारली. मी बाहेर आहे, हे तिला ठाऊकच होतं.

"मनगटाचं खरं हाय. ऱ्हाऊ दे, वाचू दे लोकांना," ती म्हणाली. "पन मी रडले न्हवते. तेवढं काढ."

पदर तोंडाला होता की, मी म्हणालो.

"व्हता. भाषणं ऐकून हसू दाबत व्हते."

दुसरी आवृत्ती छापायला जायचीय आणि प्रकाशकाला फोन करायचं धाडस अजून होत नाही. मनगटाचं लिहिताना इतका घाबरलो नव्हतो, आबा. हे वाक्य गेलं तर तुमच्यासाठी रडलेलं त्या पुस्तकात कुणीच उरत नाही, मीसुद्धा.

हे पत्र दडवून ठेवतो. आईच्या हाती लागलं तर तेही ती नातीकडून वाचून घेईल, आणि ते रडणं नव्हतं हे मला तिथं घाटावरच कळलं होतं, हे तिला समजेल.