बोटीवर नेण्याचा कोट

तीर्थरूप दादास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे आणि वहिनींचा खोकला, दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. इकडे आम्ही दोघं ठणठणीत आहोत, आणि का नसावं? दादा, आपली पोर (तुझ्या दुकानातल्या चिंध्यांच्या ढिगावर झोपायची, तीच) आता युरोपात फिरणाऱ्या भल्यामोठ्या बोटीवर इंजिनियर आहे आणि तिने आम्हाला त्या बोटीवर फिरायला बोलावलंय! हे इथे सगळ्यांना सांगून झालंय. समोरच्या केमिस्टला तर मी दोनदा सांगितलं, कारण पहिल्या वेळी त्याचं लक्ष गिऱ्हाइकाकडे होतं.

सामानाचं म्हणशील, तर पोरीने फोनवर नीट समजावलंय. डेकवर वारा बोचतो म्हणून लोकरीचे कपडे, चालायला मऊ बूट, औषधं हातातल्या पिशवीत आणि बाकी सगळं कमीत कमी. तुझ्या भावजयीने त्यातलं 'कमीत कमी' तेवढं सोडून सगळं ऐकलं. तिने इस्त्री घेतली. कपडे वाळत घालायची दोरी घेतली, चिमट्यांसकट. (बोटीला कठडा असणारच, म्हणते, आणि वारा काय, फुकटचा.) मग उशी घेतली, कारण परक्या उशीवर तिची मान धरते. बॅग बंद होईना तेव्हा स्वतः बॅगेवर बसली आणि मला चेन ओढायला लावली. चेनचे दात निघाले. मग मीच मुकाट्याने नवी चेन शिवून दिली, आणि आता बोट फुटली तरी ती बॅग उघडायची नाही. मी स्वतः हातातल्या पिशवीत फक्त कात्री, टेप आणि सुयांची डबी टाकली होती, तर पोरीने कात्री काढायला लावली. विमानात कात्री घेऊन बसू देत नाहीत म्हणे. जणू मी वैमानिकाची पँट आखूड करणार होतो!

आता मुख्य गोष्ट. बोटीवर एका संध्याकाळी कॅप्टनबरोबर जेवण असतं आणि तिथे कोट लागतोच. पोर म्हणाली, बाबा, तिथे भाड्याने मिळतो. भाड्याने! अर्ध्या गावाचे नवरदेव ज्याच्या हातचे कोट घालून उभे राहिले, त्याने भाड्याचा कोट घालायचा? मी फोनच ठेवून दिला. (मग परत लावला, ती जेवली का हे विचारायचं राहिलं होतं.) दादा, जन्म गेला दुसऱ्यांचे कोट शिवण्यात, स्वतःला एकही शिवला नाही. म्हणून कपाटातलं ते निळं गरम कापड काढलं. माझं माप घेण्याच्या लायकीचं या गल्लीत कोण आहे? मीच टेप लावला, मीच वाकून आकडे वाचले आणि मीच कापलं. बाहीत बोट ठेवायला जागा नाही. कॉलर तर अशी बसलीय की केमिस्ट गल्ला सोडून बघायला आला.

फक्त एवढंच की कोट जरा नम्र माणसाचा झालाय. मी पुढे झुकलो की अंगावर ओतल्यासारखा बसतो. ताठ झालो की पुढून वर चढतो आणि मागून लोंबतो. पण कॅप्टनसारख्या मोठ्या माणसापुढे थोडं झुकलेलं शोभूनच दिसेल, नाही का? मी दुकानात झुकून चालायचा सराव सुरू केलाय. तुझी भावजय सारखी विचारते, काही पडलंय का खाली? तिला कपड्यांतलं काय कळतंय!

एकंदरीत आमची तयारी झोकात चालू आहे आणि कुणाच्याही मदतीची गरज पडलेली नाही. वहिनींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. : सरावाने कंबर धरलीय. केमिस्टने मलम दिलंय, तेही बॅगेत गेलं.

आणखी एक ता. क. : शिंप्याने स्वतःचं माप स्वतः घेऊ नये, आकडा बघायला वाकतो आणि वाकलेल्या माणसाचा कोट होतो, हे तू मला पहिल्याच वर्षी शिकवलं होतंस. तू हसणार, मला माहीत आहे. वहिनींना सांगून हस, म्हणजे एकदाच काय ते होऊन जाईल. निळं कापड अजून एका कोटापुरतं उरलंय. तू ये, नाहीतर गुडघे त्रास देत असतील तर मीच कापड घेऊन तुझ्याकडे येतो, पण माप तूच घे. त्या जेवणाला पोर गणवेशात असणार आहे, आणि सगळ्यांसमोर माझ्याकडे हात करून सांगणार आहे, हे माझे बाबा. दादा, तेव्हा मला ताठ उभं राहायचंय रे.