शिसं, कथील आणि एक नारळ

२९ सप्टेंबर, सोमवार

भट्टी लावली! काचेच्या नळीत शिसं-कथलाचा रस. नळी मुंगीच्या पावलांनी खाली उतरतेय, रस बुडापासून वर गोठत जातोय. गोठताना आत रस ढवळला की मेलं सगळं — स्फटिकाचे कोंब मोडतात, गालावर वांग उठावेत तसे पट्टे पडतात. आधीचे दांडे तसेच वाया गेले. हा शेवटचा. पुढच्या आठवड्यात भट्टी दुसऱ्या विभागाला जाणार. हाही बिघडला तर पीएचडी गुंडाळायची, माझे गाईड केशव सरांनी स्पष्टच सांगितलंय.

३० सप्टेंबर

दारावर चिठ्ठी डकवली — आत येऊ नये. शिंकायलासुद्धा मी बाहेर जाते!

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

सकाळी गावी, कळसला गेले, बाबांच्या ट्रॅक्टरची पूजा होती. संध्याकाळी बारामतीत परत येऊन बघते तर भट्टीला झेंडूचा हार! हळदकुंकू! प्रयोगशाळा झाडणाऱ्या सारजाबाई हसत उभ्या. "समद्या मशनींची पूजा केली, तुमचीच कशी वगळू म्याडम? रुसंल की ती!"

"नारळ कुठं वाढवला?"

"तिच्याच लोखंडी पायावर. दोनदा हाणला, फुटंना मेला."

अहो, चिठ्ठी! तर म्हणे, "देवाच्या कामाला कसली बंदी?"

तोंडाला येईल ते बोलले. बाई खोबरं हातात धरून तशाच उभ्या.

२ ऑक्टोबर

दसरा. कुणाला सोनं द्यायला गेले नाही. नळी उतरतेच आहे. मध्येच थांबवता येत नाही, आत डोकावता येत नाही. नुसती हात चोळत बसलेय.

३ ऑक्टोबर

सरांना सांगितलं. रागात जरा जास्तच. त्यांनी लगेच सफाईच्या ठेकेदाराला फोन लावला — ही बाई उद्यापासून नको. सारजाबाई झाडू जागेवर ठेवून माझ्याकडे आल्या. "तुमचं वंगाळ व्हावं म्हणून न्हाय केलं वो." मी वहीत आकडे लिहीत राहिले. माझी चार वर्षं मातीत घातली, मग शिक्षा नको? हवीच! तरी रात्री डबा न उघडताच झोपले.

५ ऑक्टोबर

दांडा निघाला. अंगभर पट्टे. संपलं. बाबा फोनवर म्हणतात, "परत लाव की भट्टी." काय सांगू त्यांना! खूप रडले.

७ ऑक्टोबर

शेवटचं म्हणून दांडा उभा चिरला, घासून आम्लात धरला. नारळाचा दणका मध्यावर आडव्या रेघेसारखा उमटलाय. पट्टे मात्र त्याच्या चार बोटं खालूनच सुरू झालेत. खालचं आधी गोठतं, म्हणजे नारळ फुटायच्या आधीच सगळं बिघडलं होतं. गोठणाऱ्या भागातून हलकं कथील आपसूक धारा धरून वर पळत होतं — मी शिंक दाबून पहारा देत होते तेव्हाच!

ठेकेदाराला फोन केला. "दुसरी बाई लावली म्याडम. सारजाबाई काल ऊसतोडीला गेल्या."